जावयासाठी डोंगर पाहायला गेलो, त्याची हकीकत

परदेशात राहायला जाणाऱ्यांसाठी माहिती पुष्कळ लिहिलेली असते. घर कोणत्या भागात घ्यावं, थंडीत अंगात काय घालावं, तुरीची डाळ कोणत्या दुकानात मिळते, सगळं. पण आमच्या अमरावतीलाच परदेश समजून कोणी बिऱ्हाड घेऊन आलं तर त्यानं काय करावं, हे कोणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या घरी असा एक माणूस आलेला आहे. त्याला सोबत घेऊन मी जो प्रवास केला तसा दुसरं कोणी करेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

तो माणूस म्हणजे माझा जावई. नाव लुकास. ऑस्ट्रिया देशातला, तोही डोंगराळ भागातला. माझी एकुलती एक मीनल शेतीचं पुढचं शिकायला तिकडे गेली आणि येताना याला घेऊन आली. उंच, लाजरा, पानात पडेल ते खाणारा. मला आई म्हणतो, आणि मराठीचे दहा-वीस शब्द जपून वापरतो, लग्नातल्या चांदीच्या भांड्यांसारखे. दोघं आजवर तीन देशांत राहिली. आता मीनलला अकोल्याला कापसाच्या संशोधनाचं काम मिळालं, म्हणून राहायचं माझ्याजवळ राजापेठेत आणि आठवड्यातले काही दिवस तिनं अकोल्याला जायचं, असं ठरलं. लुकासचं काम कॉम्प्युटरवर. ते कुठेही बसून होतं. "वर्षभर राहून पाहतो" असं म्हणून आली.

राहून पाहतो म्हणजे काय पाहतो, हे मला हळूहळू समजलं. आपण नव्या गावी बदलून गेलो तर नळ किती वाजता येतो, शाळा कशी, शेजार कसा, हे पाहतो. लुकास डोंगर पाहतो. कामावरून उठावं, सायकल काढावी, अर्ध्या तासात डोंगर लागावा आणि त्या डोंगरात रस्ता नसावा. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. रस्ता असला की तो डोंगर बाद. त्याला गोटे पाहिजेत, झाडांच्या मुळ्या पाहिजेत, घसरण पाहिजे, माणूस हमखास पडेल अशी जागा पाहिजे. त्यासाठी त्याची एक जाड चाकांची खास सायकल आहे. ती विमानानं आली, मोठ्या खोक्यातून. सायकल बाहेर काढल्यावर त्यानं तो खोका नीट घडी करून माझ्या बैठकीत सोफ्यामागे उभा ठेवला. मी रद्दीवाल्याला द्यायला काढला तर मीनल म्हणाली, "राहू दे आई. परत जाताना लागतो तो."

त्या दिवसापासून रोज सकाळी दूध तापवायच्या आधी मी सोफ्यामागे डोकावायची. खोका आहे का, आणि घडी तशीच आहे का.

लोकांच्या मुलींचे संसार कशाकशावरून अडतात. मुलाला सरकारी नोकरी नाही, सासू कडक आहे, नाहीतर घरात नळ नाही. माझ्या मुलीचा माहेरचा मुक्काम डोंगरावरून अडला होता. तिकडच्या एका शहरातून दोघांना बोलावणं आलेलं होतं, आणि त्या शहराच्या अंगणातच म्हणे डोंगर. गुढीपाडव्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. स्थळ पाहताना आपण पत्रिका पाहतो, घर पाहतो, मुलाच्या मावश्यासुद्धा पाहतो. डोंगर पाहायचा असतो हे आधी ठाऊक असतं तर मी राजापेठेत घर बांधलंच नसतं, चिखलदऱ्याला प्लॉट घेतला असता.

एक दिवस मी पदर खोचला आणि म्हटलं, "चला. डोंगर मी दाखवते."

राजापेठ

गाडी आमच्या गल्लीतल्या रशीदभाईंची. त्यांचा संत्र्यांचा व्यापार. बागा पाहत फिरायला जीप आणि माल आणायला टेम्पो. पन्नाशीचा गृहस्थ, बोलायला लागला की वऱ्हाडीतून हिंदीत आणि हिंदीतून वऱ्हाडीत असा जातो की आपल्याला कळतसुद्धा नाही. निघायच्या आदल्या दिवशी सायकल टपावर कशी बांधायची ते पाहायला आले. सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"घंटी कुठी हाय, भाभी?"

मी म्हटलं, नाही.

"स्टँड?"

तोही नाही.

"मडगार्ड बी नाई, कॅरियर बी नाई." मग हळू आवाजात मला म्हणाले, "दामादजी सीधे आदमी हैं. दुकानदारानं त्याईले अर्धीच सायकल देली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सायकल पूर्ण झालेली. घंटी, स्टँड, मागे कॅरियर, दोन्ही चाकांना मडगार्ड, आणि हँडलला लिंबू-मिरची. रशीदभाईंच्या भावाचं सायकलीचं दुकान आहे, त्यानं पहाटे उठून बसवलं. लुकास सायकलीकडे पाहत उभा राहिला. मीनलनं मला नंतर सांगितलं की त्यांच्याकडे सायकलीचं वजन चिमूटभर कमी व्हावं म्हणून लोक जीव टाकतात. लुकास "धन्यवाद" म्हणाला. आम्ही सगळे आत गेल्यावर त्यानं एकेक वस्तू काढून जपून माझ्या देवघराखाली ठेवली. घंटी मात्र राहू दिली, कारण ती रशीदभाईंनी स्वतः वाजवून दाखवली होती.

या गोष्टीतून मी तेव्हाच काही शिकायला पाहिजे होतं.

पोहऱ्याकडे

पहिली परीक्षा घरच्या डोंगराची. छत्री तलावावरून पुढे पोहऱ्याच्या जंगलाकडे चढ आहे. फार मोठा नाही, पण आमच्या मानानं डोंगरच. लुकास सकाळी एकटा सायकल घेऊन गेला. मी पोहे भिजवून वाट पाहत बसले.

परत आला तो कडब्याच्या टेम्पोतून. सायकल कडब्यावर आडवी आणि जावई ड्रायव्हरशेजारी, हातात अर्धं खाल्लेलं केळ.

झालं असं, की तो चढावर धापा टाकत निघाला तर एक मोटारसायकलवाला थांबला. "काहून भाऊ, गाडी नाई भेटली काय?" लुकासनं हसून मान हलवली. आता मान आडवी हलवली की उभी, तिकडच्या माणसाचं काय सांगावं. त्या भल्या माणसानं आपला गमछा सायकलला बांधून त्याला चढ संपेपर्यंत ओढत नेलं. लुकास खाली येऊन पुन्हा चढायला लागला, तर दूधवाल्यानं थांबवलं. तिसऱ्यांदा हा टेम्पो. लुकासनं टेम्पोवाल्याला सगळी मराठी गोळा करून सांगितलं, "मला वर जायचं आहे. सायकल. मी. पाय." टेम्पोवाला म्हणाला, "पाय दुखतीनच ना, बसा." वर नेलं, वरचा देव दाखवला, चहा पाजला आणि राजापेठेत आमच्या दारापर्यंत आणून सोडलं.

"इथं चढ नाही का?" मी मीनलला विचारलं.

"चढ आहे आई. चढू देत नाहीत."

लुकास पोहे खाता खाता काहीतरी बोलला. मीनल हसायला लागली. तो म्हणत होता की डोंगरापेक्षा आपली गल्ली बरी. तिथे पाइपलाइनसाठी खोदलेलं आहे, आणि तिथे पडलं तरी कोणी उचलत नाही.

सावळदरा

मग मी माझा हुकमी डोंगर काढला. परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याचा पहिला डोंगर ओलांडला की दरीत सावळदरा म्हणून लहानसं गाव आहे. तिथे माझी नणंद वच्छला दिलेली आहे. गावाच्या मागे भिंतीसारखा डोंगर उभा, आणि पूर्वी गुरं पठारावर चरायला जायची ती जुनी वाट. आता गुरं कमी झाली, वाट उरली. गोट्यांची, सागाच्या मुळ्यांची, मध्ये एक कोरडा नाला, आणि वर मारोतीचं ठाणं. मी नवी नवरी असताना ती वाट चढून वर गेले होते आणि पुन्हा कधी जायचं नाही असं ठरवून खाली आले होते. म्हणजे लुकासला आवडणारच.

परतवाडा सोडलं आणि समोर डोंगर दिसायला लागला तसा लुकास पुढे सरकून बसला. रशीदभाई म्हणाले, "पाहा दामादजी, हे आमचं स्वित्झर्लंड." लुकासनं एवढ्या आदरानं मान हलवली की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

वच्छलाचं स्वागत काय सांगू. पाय धुवायला पाणी, पाट, कुंकू, खांद्यावर शेला. पुरणपोळी, पाटवडीचा रस्सा, भजी, कढी. रस्सा इतका तिखट की लुकासच्या डोळ्यांतून पाणी, आणि वच्छलाला वाटलं आपुलकीनं आलं. आता जे आमच्या भागात आलेले नाहीत त्यांना एक सांगते. आमच्याकडे जावयाचा शब्द शब्दासारखा घ्यायचा नसतो. जावई "पुरे" म्हणाला की अजून एक पोळी वाढायची. "मी ठीक आहे" म्हणाला की गादी आणायची. "कशाला त्रास घेता" म्हणाला तर अजून त्रास घ्यायचा. जावई स्वतःहून मागत नाही, तो चांगल्या घरचा असतो, म्हणून त्याच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावणं हे सासुरवाडीचं काम. लुकास सहा वेळा "पुरे" म्हणाला. तो जेवणावरून उठला तेव्हा त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

उन्हं कलल्यावर तो सायकल घेऊन वाटेनं वर गेला. अर्ध्या ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन. खाली सगळं गाव येऊन उभं राहिलं. जावईमाणूस सायकल खांद्यावर घेऊन डोंगर चढतो आहे, आणि कोणी त्याला मदत करत नाही, हे बघणं लोकांना जड जात होतं. दोन-चार जण धावलेसुद्धा, मी त्यांना हात धरून थांबवलं.

मग तो वरून सुटला. मी इतकी वर्षं देवाचं नाव घेते, पण तेव्हा घेतलं तसं कधी घेतलं नव्हतं. गोट्यांवरून टणाटण, मुळ्यांवरून उड्या, नाल्यात गायब आणि पलीकडे हजर. तिसऱ्या वळणावर तो सायकलीवरून सुटला आणि घाणेरीच्या झुडपात गेला. बायांनी तोंडाला पदर लावले. झुडूप हललं. लुकास उठला. गुडघ्यातून रक्त, कोपर सोललेलं, केसांत काटे, आणि चेहऱ्यावर असं हसू की तसं मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "हा. हा डोंगर."

माझ्या डोळ्यांपुढे सोफ्यामागचा खोका आला, आणि तो मी मनातल्या मनात रद्दीवाल्याच्या गाड्यावर ठेवला.

मीनलनं सगळ्यांना सांगितलं की लुकासला वाट फार आवडली, रविवारी तो पुन्हा येतो, आणि त्याच्या मित्रांनाही फोटो पाठवणार आहे. माणसं वाटेकडे बोट दाखवून आपसात बोलायला लागली. वच्छला हळद घेऊन आली, गुडघ्याला लावली आणि मला बाजूला घेऊन गेली.

"वयनी, जवाईमानसाचं रगत सांडलं आपल्या गावात. मले मान वर करता येत नाई."

"अवं, त्याले तेच आवडते."

"आवडन कसं? चांगल्या घरचा हाय, म्हनून बोलत नाई. अन् फोटो पाठवतो म्हनते ना तो. तिकडं अख्ख्या देशात आपल्या वाटेचे गोटे पोचतीन."

मी हसले. मला वाटलं, वच्छला आपली बोलते आहे.

अंजनगाव, अकोट, अकोला

मधले दिवस मीनलचं काम अकोल्याला, म्हणून आम्ही सगळेच तिकडे निघालो. अंजनगावला थांबून गाडीवरचा गिला वडा खाल्ला. लुकासनं तीन खाल्ले, कारण इथे कोणी आग्रह करत नव्हतं.

अकोटच्या बाजूला डोंगरात एक किल्ला आहे. किल्ल्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाला उगीच त्रास नको. पायथ्याशी वनखात्याचा नाका. नाक्यावरच्या माणसानं सायकल पाहिली, आणि भिंतीवरचा प्रवेशदरांचा तक्ता पाहिला. तक्त्यावर जीप होती, बस होती, कॅमेरा होता. सायकल नव्हती.

"सायकल नेता येत नाई?" मी विचारलं.

"नेता येते ना काकू. टपावर ठेवा अन् न्या. फक्त चालवता येत नाई."

"चालवली तं काय होईन?"

"काय होईन ते तक्त्यावर नाई, म्हनून तं चालवता येत नाई."

माणूस खोटं बोलत नव्हता. तेव्हा लुकासची सायकल टपावर बसून अख्खा किल्ला फिरली. सोबत गाईड दिला, त्यानं लुकासला एक वानर दाखवलं आणि सायकलीला दोरी घट्ट आहे का ते तीनदा पाहिलं.

अकोल्यात माझा मावसभाऊ सुधाकर राहतो. रिटायर झाल्यापासून त्याला शहराचा फार अभिमान आहे. मी म्हटलं, जवाईबापूंना चढ पाहिजे. तो जरा विचारात पडला. अकोल्यात चढ, म्हणजे तळहातावर केस शोधण्यासारखं. मग त्याचा चेहरा उजळला.

"आता उड्डानपूल झाला ना."

लुकास गेला बाप्पा उड्डाणपुलावर. माघ संपत आला होता, पण अकोल्याचं ऊन पंचांग पाहत नाही. तो एकदा वर गेला, एकदा खाली आला, आणि सुधाकरच्या कूलरसमोर येऊन बसला. सुधाकरनं विचारलं, "कसा वाटला?" लुकास म्हणाला, "गुळगुळीत." सुधाकरनं ती स्तुती समजून घेतली आणि त्याला आंब्याचं लोणचं वाढलं.

कूलरसमोर बसून लुकासनं मला त्यांच्या डोंगरांचं सांगितलं, मीनल मध्ये बसून मराठी करत होती. तिकडे म्हणे सायकलीच्या वाटांना रंग दिलेले असतात. निळी वाट नवशिक्यांची, लाल जरा अवघड, आणि काळी म्हणजे ज्याला हाडं मोडून घ्यायची आहेत त्याची. मी विचारलं, "सावळदऱ्याची वाट कोणती?" तो म्हणाला, "काळी. फार सुंदर काळी." आणि पुढे हळूच बोलला ते मीनलनं लगेच सांगितलं नाही. मी डोळे वटारले तेव्हा सांगितलं. तो म्हणत होता, ती वाट आहे तोवर त्या दुसऱ्या शहराला काय कळवायचं ते मला ठाऊक आहे.

आठवड्यात वच्छलाचा फोन आला. "वयनी, रविवारी येता ना नक्की? सगळं तयार हाय." मी विचारलं, तयार काय आहे? ती म्हणाली, "तुमी या तं खरं."

पुन्हा सावळदरा

गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांची कमान. कमानीवर फलक, जावईबापूंचे सहर्ष स्वागत, आणि खाली लुकासचा लग्नातला फेट्यातला फोटो. खंजिरी घेऊन भजनी मंडळ उभं. इथवर मला बरं वाटलं.

मग आम्ही गावाच्या मागे गेलो, आणि डोंगराकडे पाहिलं.

आमच्या भागाला राष्ट्रसंतांच्या मोझरीचं वळण आहे. गावात काही कमी दिसलं की लोक सरकारची वाट न पाहता घमेली-फावडी घेऊन निघतात, आणि श्रमदान म्हटलं की म्हातारीसुद्धा घरी बसत नाही. हे फार चांगलं आहे, मी आजवर दहा ठिकाणी हे अभिमानानं सांगितलं आहे. त्या रविवारी पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटली.

वाट राहिली नव्हती. तिथे रस्ता होता. गावापासून मारोतीच्या ठाण्यापर्यंत मुरूम टाकून, धुम्मस करून, पाणी मारून बसवलेला, पोळपाटासारखा सपाट. गोटे उचलून दोन्ही कडांना ओळीनं लावले होते आणि त्यांना चुना दिला होता. मुळ्या तोडल्या होत्या. नाल्यावर दगडांची पक्की फरसबंदी. आणि तिसऱ्या वळणावर, जिथे लुकास पडला होता, तिथली घाणेरी समूळ काढून वळण रुंद केलं होतं. तिथे एक बाकसुद्धा होतं. जवाईबापूंना विसावा घ्यायला.

"त्यांच्या मित्रायले आता फोटो पाठवा म्हना," वच्छला म्हणाली. तिच्या तळहातांना फोड आले होते. "आख्खं गाव राबलं वयनी. कोनी नाई म्हनलं नाई."

लुकासनं रस्त्याकडे पाहिलं. मग मीनलकडे. मीनलनं माझ्याकडे पाहिलं, मी रशीदभाईंकडे. रशीदभाई दाढी कुरवाळत अगदी हळू म्हणाले, "हायवे बना दिया, भाभी."

माझ्या मुलीचा मुक्काम त्या गोट्यांवर उभा होता, आणि ते गोटे चुना लावून माझ्यासमोर ओळीनं बसले होते. आणि रागवायचं कोणावर? ज्यांनी हाताला फोड आणले त्यांच्यावर?

लुकास पुढे झाला. वच्छलाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, तळवे पाहिले. बराच वेळ पाहिले. वच्छला लाजून हात सोडवायला लागली तरी त्यानं सोडले नाहीत. मग म्हणाला, "खूप मेहनत, आत्या."

आणि सायकलीवर बसला. ताठ, पोस्टमनसारखा. सरळ वर गेला, मारोतीला नमस्कार केला, आणि खाली आला तो एक हात वर करून, प्रत्येक वळणावर रशीदभाईंची घंटी वाजवत. तिसऱ्या वळणावर थांबून बाकावर बसलासुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खंजिरी सुरू झाली. खाली आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसा आहे? तो म्हणाला, "छान रस्ता. फार छान रस्ता." आणि पहिल्यांदाच आमच्या लोकांनी जावयाचा शब्द जसाच्या तसा घेतला.

जेवताना तो एकदाही पुरे म्हणाला नाही. शिकला होता.

परतीला निघालो. परतवाड्याच्या जवळ लुकास मीनलशी दोन वाक्यं बोलला. मी विचारलं, काय म्हणतो?

"म्हणतो, आजवर जगात कोणी त्याच्यासाठी रस्ता बांधला नव्हता." मीनल खिडकीबाहेर पाहत होती. "अन् म्हणतो, इथं पुन्हा कोणतीच गोष्ट आवडली म्हणून सांगायचं नाही."

रशीदभाई हसले. मी नाही हसले. घरी आल्यावर सगळ्यांत आधी सोफ्यामागे पाहिलं. खोका तिथेच होता.

घरी

पाडव्याला मी गुढी उभारली आणि काही विचारलं नाही. मीनलनंच सांगितलं. तिचा कापूस जूनमध्ये लागणार, वेचणी दिवाळीला, मध्येच सोडून जाता येत नाही. म्हणून त्या दुसऱ्या शहराकडे दिवाळीपर्यंत मुदत मागितली. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. उन्हाळाभर लुकास पहाटे गल्लीतल्या खोदकामावर दोन फेऱ्या मारून यायचा आणि दिवसभर खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचा. तक्रार नाही. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

मी मात्र एक भलतंच काम करत होते. पावसाळा सुरू झाल्यापासून दर आठवड्याला वच्छलाला फोन. "पाऊस कसा हाय? रस्ता गेला काय?" एवढी वर्षं मी सगळ्या गावांचे रस्ते टिकावेत म्हणून देवाला सांगत आले, आणि आता एका रस्त्यानं वाहून जावं म्हणून बसले होते. वच्छला दर वेळी सांगायची, "काई काळजी करू नोका वयनी. जवाईबापूचा रस्ता हाय, जसाच्या तसा." खड्डा पडला की दुसऱ्या दिवशी गाव मुरूम घेऊन हजर. असा रस्ता कुठून वाहून जातो.

पोळ्याच्या सुमारास तिचाच फोन आला. "वयनी, रस्ता गेला."

मी घाईनं विचारलं, "जवाईबापूचा?"

"तो कायले जाते? डांबरी गेला. परतवाड्याकडून येते तो, सरकारी."

पाऊस उघडल्यावर आम्ही गेलो. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून, दोन घाट उतरून गावात यायचा. त्याचं आता असं झालं होतं की वरचं डांबर सालासारखं निघून गेलं होतं. खाली बैलाएवढे गोटे उघडे पडले होते, मधून पाण्यानं दरी पाडली होती, आणि एका ठिकाणी अर्धा रस्ता सागाच्या मुळ्यांना लटकून राहिला होता. गावचे लोक आता पठारापर्यंत आडवाटेनं येतात आणि तिथून जवाईबापूच्या रस्त्यानं खाली उतरतात. दुधाच्या गाड्या त्यावरूनच, आजाऱ्याला न्यायचं तर त्यावरूनच. आमची जीपही त्यावरूनच उतरली. तिसऱ्या वळणावरच्या बाकावर आता लोक गाडीची वाट पाहत बसतात.

लुकास डांबरी रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला. बराच वेळ त्या गोट्यांकडे आणि दरीकडे पाहत होता, एखाद्यानं देवळाच्या कळसाकडे पाहावं तसा.

"आई," त्यानं विचारलं, "हा रस्ता कोणी बनवला?"

"सरकारनं."

"खूप छान बनवला."

मी घाबरून वच्छलाकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. पण ती मान हलवत म्हणाली, "तुमच्यासाठी हा बी साफ केला असता बापू, पन याले हात लावता येत नाई. सरकारी हाय. एक गोटा उचलला तं केस होते."

मीनलनं हे लुकासला समजावून सांगितलं. त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. कोणीच उचलू शकत नाही? एकही गोटा? वच्छला म्हणाली, एकही नाही. मग तो सायकल घेऊन वर गेला, आणि अंधार पडेपर्यंत आम्हाला फक्त घंटी ऐकू येत होती. मध्येच घंटी थांबायची, धपकन आवाज व्हायचा, आणि पुन्हा सुरू व्हायची.

संध्याकाळी गावची माणसं निवेदन घेऊन आली. डांबरी रस्ता तातडीनं दुरुस्त करावा म्हणून. वच्छलानं सही केली. मी बाहेरगावची, तरी वच्छलाची वहिनी म्हणून मलाही करायला सांगितली. मी पेन हातात घेऊन जरा थांबले. लुकास ओट्यावर गुडघ्याला हळद लावत बसला होता. त्यानं मीनलकडून कागद समजून घेतला आणि वच्छलाला विचारलं, "किती दिवस लागतात?"

वच्छला विचार करून म्हणाली, "मांगच्या वेळी पूल मांगतला होता, तवा माही पोरगी रांगत होती. औंदा तिचं पोरगं शाळेत घातलं. पूल अजून यायचा हाय."

हे त्याच्या भाषेत करून सांगायची गरज पडली नाही. लुकासनं सही केली, देवनागरीत, मोठ्या अक्षरात. मग मीही केली, अगदी निश्चिंत मनानं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी दूध तापवायला उठले आणि सवयीनं सोफ्यामागे डोकावले. जागा मोकळी होती. तशीच बाहेर आले तर गल्लीत रशीदभाईंचा टेम्पो उभा, पहिल्या तोडीची संत्री भरायला निघालेला. लुकास माझी भाजीची सुरी घेऊन टेम्पोत गुडघ्यांवर बसला होता आणि खोका कापून तळाला अंथरत होता. कडेला नीट दुमडून, कोपरे दाबून.

रशीदभाई म्हणाले, "माल दबणार नाही आता, दामादजी."

लुकास म्हणाला, "पुरे?"

रशीदभाईंनी मला विचारलं, "भाभी, अजून एखादा खोका हाय काय घरात?"

"नाही," मी म्हटलं. "एवढाच होता."